नातीला एसएमए आहे, पैसे उभे करायचे आहेत : सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. एरवी मी ऊस आणि ठिबकच्या धाग्यांवर लिहितो. आज घरचं दुखणं घेऊन आलोय.

माझी नात 14 महिन्यांची आहे. बसवली की बसते, पण उभी धरली तर पायांवर अजिबात भार घेत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत पाय झाडायची, मग ते हळूहळू थांबलं. गावात सगळे म्हणायचे, काही मुलं उशिराच चालतात, अंगाने जड आहे, तेल लावा. सुनेला मात्र पहिल्यापासून शंका होती. तीच हट्टाने पुण्याला घेऊन गेली. मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, जीभ बघितली आणि जनुकांच्या एमएलपीए नावाच्या तपासणीला रक्त पाठवलं. निदान आलं: स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी (एसएमए), म्हणजे स्नायू दुबळे करत जाणारा जनुकीय आजार, टाइप 2. एसएमएन1 हे जनुक नाही, एसएमएन2 च्या तीन प्रती आहेत, असं रिपोर्टात लिहिलंय.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. त्याने इंटरनेटवर 16 कोटींच्या इंजेक्शनचं वाचलं आणि तेव्हापासून त्याला झोप नाही. ते दोन वर्षांच्या आतच द्यावं लागतं म्हणतात. मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. दीड एकर रान आहे, ते विकायला मी तयार आहे, पण 16 कोटींपुढे दीड एकराचं काय? गावातल्या तरुण मंडळाची पोरं म्हणतात, आजोबा, फोटो आणि क्यूआर कोड द्या, आम्ही राज्यभर फिरवतो. सून फोटो द्यायला तयार नाही. त्यावरून घरात बोलणंच बंद झालंय.

शिवाय माझी बहीण म्हणाली, आपल्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे सुनेच्या माहेरून आलं. सुनेने ते ऐकलं. माझी मुलगी, म्हणजे नातीची आत्या, स्वतः अडीच महिन्यांची गरोदर आहे. तिला हे सगळं सांगून घाबरवू नये असं हिचं म्हणणं आहे.

कुठून सुरुवात करू? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सांगा.

सुरंगी
काका, वाचून पोटात कालवलं. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर ठेवते. इथे माहितगार लोक आहेत. सूनबाईंना सांगा, त्यांनी हट्ट धरला म्हणून निदान तरी झालं.

आई_नाशिक
काका, माझा मुलगा 7 वर्षांचा आहे. त्यालाही टाइप 2 आहे. व्हीलचेअरवरून शाळेत जातो आणि गणितात वर्गात पुढे असतो. हे आधी सांगते, कारण निदान झालं त्या आठवड्यात मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. या मुलांचे स्नायू दुबळे असतात, बुद्धी नव्हे.

आता कामाचं बोलते. 16 कोटी हा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. या आजारावर तीन औषधं आहेत. पहिलं स्पिनराझा, ते पाठीच्या मणक्यातून देतात. सुरुवातीला चार डोस आणि मग दर चार महिन्यांनी एक, आयुष्यभर. दुसरं झोल्गेन्स्मा, तेच तुमच्या मुलाने वाचलेलं, शिरेतून एकदाच देतात. तिसरं रिस्डिप्लाम, रोज तोंडाने द्यायचं पातळ औषध. रोश कंपनीचं हे औषध 2021 मध्ये भारतात आलं तेव्हा एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या आसपास होती. आम्ही ती किंमत ऐकून परत आलो होतो.

पण ऑक्टोबर 2025 मध्ये चित्र पालटलं. हैदराबादच्या नॅटको कंपनीला याच औषधाची जेनेरिक आवृत्ती काढायची होती आणि रोशने पेटंटवरून दावा लावला होता. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटकोला अडवायला नकार दिला. 9 ऑक्टोबरला खंडपीठाने तोच निर्णय कायम ठेवला आणि 17 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. त्यानंतर नॅटकोची बाटली आली, छापील किंमत 15,900 रुपये. सहा लाखांची बाटली सोळा हजारांवर आली, काका! त्या दिवशी आमच्या पालकांच्या ग्रुपवर लोक रडत होते.

तुमच्या नातीचं वजन किती आहे?

कृष्णाकाठ
ताई, वजन 9 किलो आहे. तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं आणि मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं.

आई_नाशिक
दोन वर्षांखालच्या बाळाला साधारणपणे किलोमागे 0.2 मिलिग्रॅम देतात. 9 किलोला रोज 1.8 मिलिग्रॅम झालं. बाटलीत 60 मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक बाटली महिनाभर पुरते. वर्षाला 11 बाटल्या धरा. छापील किमतीनेही पावणेदोन लाखांच्या आत. गरजू कुटुंबांसाठी कंपनीची सवलतीची योजना आहे, तिची चौकशी डॉक्टरांमार्फत करा. वजन वाढेल तसा डोस वाढतो, 20 किलोच्या पुढे रोज 5 मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला 30-31 बाटल्या. तो खर्च पावणेपाच-पाच लाखांवर जाईल, पण त्याला अजून बरीच वर्षं आहेत. डोस अर्थातच डॉक्टरच ठरवतील, मी फक्त खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

कृष्णाकाठ
(बाबांच्या आयडीवरून मुलगा लिहितोय.)
ताई, तुमचे आभार. पण मनातलं स्पष्ट लिहितो. 16 कोटींचं औषध एकदाच द्यायचं असतं आणि ते जनुकावर काम करतं. मग स्वस्तातलं देऊन मी माझ्या मुलीला दुय्यम उपचार देतोय असं नाही का होणार? 2021 मध्ये मुंबई-पुण्याकडच्या मुलांसाठी लोकांनी एवढे पैसे जमवले. माझ्याकडे दहा महिने आहेत. प्रयत्नच केला नाही तर उद्या ती विचारेल तेव्हा मी काय सांगू?

गुणसूत्र
मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. तुमचा प्रश्न प्रत्येक बाप विचारतो, त्यामुळे सविस्तर लिहिते.

मज्जारज्जूमध्ये स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी असतात. त्यांना जगायला एसएमएन नावाचं प्रथिन लागतं. ते मुख्यतः एसएमएन1 जनुकातून बनतं. तुमच्या मुलीत ते जनुक नाही. एसएमएन2 हे त्याचं भावंड आहे, पण त्यातून उपयोगी प्रथिन थोडंच तयार होतं. तिच्याकडे त्याच्या तीन प्रती आहेत म्हणूनच ती बसू शकते. झोल्गेन्स्मा एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून एसएमएन1 ची नवी प्रत पेशींत पोचवतं. रिस्डिप्लाम आणि स्पिनराझा एसएमएन2 कडूनच जास्त काम करून घेतात. मार्ग वेगळे, पण तिन्हींचा हेतू एकच: प्रथिन वाढवणं.

मेलेली चेतापेशी यातलं कुठलंही औषध परत आणत नाही. 16 कोटींचंही नाही. म्हणून औषध कोणतं यापेक्षा ते कधी सुरू झालं याला फार महत्त्व आहे. झोल्गेन्स्मा आणि रिस्डिप्लाम यांची समोरासमोर तुलना करणारी मोठी चाचणी झालेली नाही, त्यामुळे एक दुय्यम आहे असं कोणीही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. झोल्गेन्स्माचेही धोके आहेत. आधी त्या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते, ती जास्त असतील तर देता येत नाही. नंतर अनेक आठवडे स्टिरॉइड आणि यकृताच्या तपासण्या. 2022 मध्ये दोन मुलं हे औषध दिल्यानंतर यकृत निकामी होऊन दगावल्याचं कंपनीने स्वतः कळवलं होतं.

तुम्हाला जीन थेरपीचा, म्हणजे झोल्गेन्स्माचा, प्रयत्न करायचा असेल तर जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण पैसे जमेपर्यंत बाळाला औषधाविना ठेवू नका. आधी रिस्डिप्लाम सुरू करून मग जीन थेरपी दिलेली मुलं आहेत. आजचं औषध उद्याच्या वाटेत येत नाही. वाट बघण्यात गेलेला महिना मात्र परत मिळत नाही.

काका, आता तुमच्यासाठी. हा आजार माहेरून किंवा सासरहून येत नाही, दोन्हीकडून येतो. तुमचा मुलगाही या आजाराचा वाहक आहे आणि सूनही. दोघांकडे एक जनुक चांगलं, एक नसलेलं, म्हणून दोघंही ठणठणीत. साधारण 40 ते 60 माणसांत एक जण वाहक असतो, पिढ्यान् पिढ्या कळतही नाही. तुमच्या मुलाकडे ते तुमच्याकडून किंवा काकूंकडून आलंय, आणि तुम्हा दोघांना तरी कुठे काय झालं? दोन वाहकांची गाठ पडली की प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची चारात एक शक्यता. यात दोष कुणाचाच नाही. तुमच्या बहिणीला हे तुम्ही स्वतः समजावून सांगा, सुनेच्या समोर.

आणि मुलीला आजच्या आज फोन करा. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. तिची आणि जावयांची रक्ततपासणी लगेच व्हायला हवी. दोघंही वाहक निघाले तरच पुढचा प्रश्न येतो, आणि त्यासाठीची वारेची तपासणी साधारण 11 ते 13 आठवड्यांत होते. अडीच महिने म्हणजे ती त्याच उंबरठ्यावर आहे. न सांगणं ही इथे माया ठरणार नाही.

कृष्णाकाठ
डॉक्टर ताई, फोन केला. ती घाबरली नाही, उलट म्हणाली बाबा बरं झालं सांगितलंत. उद्या दोघं कोल्हापूरला रक्त द्यायला जात आहेत.

ठाण्याचा_सीए
पैशांच्या बाजूचं मी सांगतो. मंडळाच्या पोरांना सांगा, कुणाच्याही वैयक्तिक खात्याचा क्यूआर फिरवू नका. दोन कारणं. एक, वर्षभरात नातेवाइकांखेरीज इतरांकडून मिळालेली रक्कम 50,000 च्या वर गेली तर ती करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते. दोन, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अशा आवाहनांतला क्यूआर बदलून पुढे पाठवणारे भामटे आहेत. बाळ तुमचं, फोटो तुमचा, खातं तिसऱ्याचंच.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे उपचार करणाऱ्या रुग्णालयाने बाळाच्या नावाने दिलेलं खातं, किंवा नोंदणीकृत धर्मादाय संस्था. संस्थेकडे 80जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, असेल तर जुन्या करपद्धतीतल्या देणाऱ्याला करसवलतही मिळते. मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या इंटरनेटवरच्या लोकवर्गणीच्या मंचांवर जाणार असाल तर शुल्क किती, पैसे कुणाला देतात, पैसे उरले तर काय, हे लेखी विचारा. आवाहनात रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडा. उरलेली रक्कम कुठे जाईल तेही पहिल्याच दिवशी लिहून टाका. नंतर लिहिलं की लोकांना संशय येतो.

रान विकू नका. निदान या वर्षी तरी नको.

हडसनकाठचा
न्यू जर्सीहून लिहितोय. इथल्या महाराष्ट्र मंडळात बोलू शकतो. मला पैसे पाठवायला काही अडचण?

ठाण्याचा_सीए
तुमच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरीही, कायद्याने तो परकीय स्रोत होतो आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा, लागू होतो. तशा मित्रांनी एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेमार्फतच द्यावं. मंडळात सांगताना हे आधी सांगा, नाहीतर भलं करायला जाऊन आजोबांच्या मागे चौकशी लागायची.

ढोलताशा
मी आमच्या भागात अशा दोन मोहिमा चालवल्यात, म्हणून अनुभवाचं सांगतो. बाळाचा फोटो नसेल तर लोक थांबत नाहीत. नळ्या लावलेला, रडणारा फोटो असेल तर पैसे येतात, नुसत्या रिपोर्टला कोणी विचारत नाही. वहिनींच्या भावना समजतात, पण जीव महत्त्वाचा की फोटो?

आई_नाशिक
दादा, तुम्ही कळकळीने लिहिताय हे दिसतं. तरी विरोध नोंदवते. आमच्या मुलाचा असा फोटो एका नातेवाइकाने न विचारता टाकला होता. पैसे आले, नाही म्हणत नाही. आज तो वाचू शकतो. शाळेतल्या कुणीतरी तो फोटो शोधून त्याला दाखवला. त्याने मला विचारलं, आई, मी तेव्हा मरणार होतो का? त्या फोटोवर लोकांनी काय काय लिहिलंय तेही त्याने वाचलं.

काकांची नात जगणार आहे, मोठी होणार आहे, वाचणार आहे. सून जे म्हणते ते त्या मोठ्या झालेल्या मुलीच्या वतीने म्हणते. आणि गरज 16 कोटींची नसून काही लाखांची असेल, तर रडणारा फोटो लागतोच कशाला? गाव, नातेवाईक, एसटीतले जुने सहकारी यांना पत्र पुरेल.

ढोलताशा
ताई, हे मला माहीत नव्हतं. फोटोचा आग्रह सोडतो. काका, पत्र छापायचं असेल तर माझी प्रेस आहे, पैसे घेणार नाही.

रानवाट
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या मुलीला टाइप 1, म्हणजे यातला जास्त गंभीर प्रकार, होता. लोकांनी भरभरून दिलं, पण रक्कम अर्ध्यावर यायच्या आत ती गेली, छातीत कफ साठून. आमचं सगळं लक्ष त्या एका इंजेक्शनकडे होतं. दिवसभर मी फोनवर, आकडा किती झाला ते बघत. श्वासाकडे जेवढं बघायला हवं होतं तेवढं बघायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही.

म्हणून काका, औषधाच्या जोडीने हे लागेल: सर्दी झाली की साधी समजायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. कफ ओढून काढणारं सक्शन मशीन घरी ठेवा. छातीचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आई, वडील, आजी, तुम्ही, सगळ्यांनी शिकून घ्या. कफ असिस्ट नावाचं यंत्र असतं, खोकला येण्याइतकी ताकद नसते तेव्हा ते खोकल्याचं काम करतं. नवं घ्यायचं तर लाखांच्या घरात जातं. रात्रीच्या श्वासासाठी पुढे बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा देणारं यंत्र, लागू शकतं. फ्लूची लस दरवर्षी, बाळाला आणि घरातल्या सगळ्यांना. पाठीच्या कण्याला बाक येऊ नये म्हणून बसवायची पद्धत, पायांचे स्प्लिंट (आधारपट्ट्या), उभं राहायची चौकट. निधीच्या आवाहनात हे सगळं लिहा. लोक औषधाला देतात, यंत्रांना कुणी मागतच नाही.

आमचं कफ असिस्ट घरी आहे. चालू स्थितीत आहे. पत्ता निरोपातून कळवा, मी स्वतः आणून देईन.

सुरंगी
रानवाट, तुमच्यापुढे नतमस्तक.

गुणसूत्र
रानवाट यांनी लिहिलेला शब्द न् शब्द काका, छापून घरात लावा. टाइप 2 मध्ये धोका इतक्या लवकर येत नाही, पण वाट तीच असते.

सरकारी मदतीचं राहिलंच. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात एसएमए आहे. ठरावीक उत्कृष्टता केंद्रांतून, म्हणजे सरकारने त्यासाठी नेमलेल्या रुग्णालयांतून, उपचार घेतले तर एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. ही मर्यादा मे 2022 मध्ये वाढवली, त्याआधी 20 लाख होती आणि तीही एकदाच उपचार लागणाऱ्या आजारांच्या गटापुरती. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम हे असं केंद्र आहे. तिथे नोंदणी करा, समिती कागद बघते, मंजूर झालेले पैसे कुटुंबाच्या हातात न येता रुग्णालयाकडे जातात. थोडा वेळ लागतो, म्हणून फाइल लगेच टाका. पूर्वी या 50 लाखांत सहा लाखांच्या आठच बाटल्या बसायच्या, आणि मोठ्या मुलाला त्या जेमतेम तीन महिने पुरायच्या. मग औषध बंद. पालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचे. आताच्या किमतीत तेवढेच पैसे अनेक वर्षं पुरतील. म्हणूनच मला या जेनेरिकचं एवढं वाटतं.

केंद्र सरकारने या आजारांसाठी लोकवर्गणीचं स्वतःचं संकेतस्थळही काढलंय, केईएममध्ये नोंद झाली की त्याचीही चौकशी करा. पुढेमागे परदेशातून या आजाराचं औषध मागवायची वेळ आली तर वैयक्तिक वापराच्या आयातीवर सीमाशुल्क माफ आहे, त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो. सप्टेंबर 2025 पासून झोल्गेन्स्मा आणि रिस्डिप्लाम दोन्हींवरचा जीएसटीही शून्य झालाय, त्यामुळे बिलात तो लावलेला दिसला तर हरकत घ्या. क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया ही पालकांचीच संस्था आहे, तिथे मुलीची नोंद आवर्जून करा.

कृष्णाकाठ
मंडळी, मधे लिहायला जमलं नाही, धावपळ चालली होती. आता एकदम सगळं सांगतो.

औषध सुरू झालं. पहिल्या तीन बाटल्यांचे पैसे माझ्या पेन्शनीच्या ठेवीतून दिले. सवलतीचा अर्ज डॉक्टरांनी पाठवलाय. केईएममध्ये जाऊन आलो, फाइल दाखल झाली, समितीच्या बैठकीची वाट बघतोय.

मुलाने ठरवलं: जीन थेरपीसाठी प्रतिपिंडांची तपासणी करायची, डॉक्टरांचं मत घ्यायचं, पण 16 कोटींची मोहीम आत्ता उघडायची नाही. पहिलं उद्दिष्ट 10 लाख. त्यात दोन वर्षांचं औषध, बायपॅप, स्प्लिंट, फिजिओ आणि पुण्याच्या फेऱ्या. खातं रुग्णालयाचं. पैसे उरले तर त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या एसएमए बाळाला, असं पत्रात लिहिलंय. फोटो नाही. पत्र सुनेने लिहिलं, ढोलताशा यांनी छापून दिलं. आमच्या आगारातल्या जुन्या वाहक-चालकांनी आठवड्यात एवढे पैसे भरले की मला बोलता येईना.

मुलगी वाहक निघाली, जावई नाहीत. तेव्हा तिच्या बाळाला धोका अगदी नगण्य आहे, असं समुपदेशकांनी सांगितलं. बहिणीला मी सुनेसमोर बसवून सगळं सांगितलं. ती सुनेचा हात धरून रडली. सून काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी दोघी मिळून नातीला मालिश करत होत्या.

रानवाट आले होते. दोन तास बसून त्यांनी यंत्र कसं चालवायचं ते हिला शिकवलं. जेवून जा म्हटलं तर जेवलेही.

एक अडचण आहे. औषध फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज तास न् तास जाते. कुणी काय केलंय?

आई_नाशिक
काका, लस नेण्याचा खोका मिळतो तो घ्या आणि बर्फाच्या पिशव्या कायम गोठवून ठेवा. बाटली बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलेलं औषध चालत नाही. आत साधा थर्मामीटर ठेवा. बाटली फ्रिजच्या दारात नको, मधल्या कप्प्यात उभी ठेवा. डोस सिरिंजमध्ये ओढला की पाच मिनिटांत द्यायचा, दुधात मिसळायचा नाही. पावडरीत पाणी घालून बाटली तयार केल्याची तारीख झाकणावर लिहा, 64 दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. वीज फार वेळ गेली तर औषध वापरण्याआधी दुकानदाराला नव्हे, डॉक्टरांना विचारा.

ढोलताशा
काका, गावात सौरऊर्जेवर चालणारा दवाखान्याचा फ्रिज आहे का? प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी असतोच. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ठेवा, अडीअडचणीला एक बाटली तिथे ठेवतील.

कृष्णाकाठ
आरोग्य केंद्र घरापासून चालत जाण्यासारखं आहे. सकाळीच जातो. तिथल्या नर्सबाई आमच्याच एसटीने ये-जा करायच्या, ओळख आहे.